चाळीस कुंड्यांचा अहवाल

९ जानेवारी

दादा,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. पाच महिने फोन न उचलणाऱ्या माणसाला तीर्थरूप म्हणण्याइतकं माझं मन मोठं नाही. फोन तू कट करू शकतोस. पत्र परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं, आणि तेवढे कष्ट तू माझ्यासाठी घेणार नाहीस, म्हणून पत्र.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढी म्हातारी दिसायला लागलीस गं!" मग दाराकडे बघत बसली. तू येणार असं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी नव्हतं सांगितलं.

तू घराला कुलूप लावून वहिनीच्या माहेरच्या गावी गेलास, तिथल्या शीतगृहाच्या फाटकावर नोकरी धरलीस, आणि जाताना मला चकार शब्द नाही. आता सगळे समजतात, सख्ख्या भावाला मी देशोधडीला लावलं. शेजारीण जिन्यात अडवून विचारते, "भाऊ काय म्हणतो?" मी म्हणते, "मजेत आहे." तिला मजा वाटते, एवढं खरं.

मी काय केलं, ते एकदा कागदावर येऊ दे. गेल्या हंगामात तू अकरा शेतांतल्या गव्हावर तणनाशक मारलंस आणि त्यातलं रानओटाचं तण मेलं नाही. शेतकरी संघात बोंब झाली, फवारणीवाल्यानं औषधात पाणी घातलं, नाहीतर हात आखडला. तू म्हणालास, माप बरोबर होतं, हे गवतच आता औषधाला दाद देत नाही. पिकलेल्या रानओटाचं बी तू स्वतः ओरबाडून कागदी पिशवीत भरून आणलंस. चेअरमन म्हणत होते, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू. हट्ट तू धरलास. भरल्या सभेत म्हणालास, "माझी बहीण तपासेल. ती शेतकी कॉलेजात मास्तरीण आहे, माझीसुद्धा भीड ठेवायची नाही."

नाही ठेवली. चाळीस कुंड्यांत तुझं बी पेरलं, रोपं तीन पानांवर आली तेव्हा तेच औषध त्याच मापानं मारलं. चार आठवड्यांत चाळीसच्या चाळीस कुंड्या पिवळ्या पडून आडव्या झाल्या. जे दिसलं ते लिहिलं, की या तणात औषधाला प्रतिकार आढळला नाही. मग चूक फवारणाऱ्याची, हे संघानं ठरवलं. बावीस वर्षांचा तुझा परवाना संघानं काढून घेतला, मी नाही. अहवाल मी वाचून दाखवला, एवढाच माझा गुन्हा, आणि तू माझ्याकडे न बघता उठून गेलास.

उत्तराची वाट बघत बसलेली नाही. पत्ता पाकिटामागे आहे.

मास्तरीण

२ फेब्रुवारी

दादा,

तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं ठरवलंयस तर बस. मला बोलायची सवय आहे. वर्गात साठ पोरं झोपलेली असतात, तरी मी तास पूर्ण घेते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. तुझ्या जागी संघानं जो नवा माणूस घेतला, त्याच्याही हातून रानओट मेला नाही. त्याच अकरा शेतांत. डिसेंबरात त्यानं फवारलं, आणि जानेवारीच्या नऊ तारखेला संघाचं पत्र आमच्या टेबलावर येऊन पडलं. त्याच दिवशी मी तुला पहिलं पत्र लिहायला बसले. हा योगायोग आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

तुझ्या पिशवीतलं बी अजून शिल्लक होतं. ते पुन्हा पेरलंय, पुन्हा चाळीस कुंड्या. परवा त्यांच्यावर औषध मारलं. आता थांबायचं.

तू मागे एकदा विचारलं होतंस, या औषधानं गवत मरतं तर गहू का मरत नाही, दोघंही गवताचेच. मी घाईत होते, म्हणाले, नंतर सांगते. आता सांगते, तू ऐकत असलास तर. हे औषध रोपाच्या आत एका एन्झाइमला पकडतं. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, पण त्या शब्दानं परीक्षेतल्या पोरांशिवाय कोणाचं भलं झालेलं नाही. ते एन्झाइम बंद पडलं की रोपाला वाढायला लागणारा माल बनत नाही, आणि रोप उपाशी मरतं. पण गव्हाच्या पेशीत दुसरी काही एन्झाइमं असतात, साफसफाईवाली. औषध आत शिरलं की एक त्याचा तुकडा मोडतं, दुसरं त्याला साखर चिकटवून त्याचं विष मारतं, मग ते सगळं पेशीच्या अडगळीत ढकललं जातं. गहू हे इतक्या झपाट्यानं करतो की औषधाला डाव साधताच येत नाही.

रानओटाकडेही ही एन्झाइमं आहेत, पण मंद. फक्त लाखात एखादं रोप असं निघतं की त्याची एन्झाइमं गव्हासारखी चपळ. वर्षानुवर्षं तेच एक औषध मारत राहिलं की बाकीची मरतात, हे उरतं आणि बी धरतं. म्हणजे तू संघाला सात वर्षं जे सांगत होतास तेच. औषध बदला, दोन वर्षं दुसरं पीक घ्या, नाहीतर हे गवत शिरजोर होईल. तू एन्झाइमचं नावही न घेता सांगत होतास, आणि मी पदवी घेऊन बसले होते.

त्या एन्झाइमांना गप्पही करता येतं. ते कसं, ते इथं लिहायचं कारण नाही.

आईला आता पेपरातले मथळे दिसतात. मोठ्यानं वाचते आणि मला वाटेल ते विचारते.

मास्तरीण

२६ फेब्रुवारी

दादा,

चाळीसपैकी सदतीस कुंड्या उभ्या आहेत. हिरव्यागार. शेजारच्या साध्या रानओटाच्या दहा कुंड्या मेल्या, म्हणजे औषध चांगलं होतं, मापही बरोबर होतं. तुझं बी तेवढं मेलं नाही. तेच बी, त्याच पिशवीतलं, गेल्या वर्षी तू तुझ्या हातानं आणलेलं.

मग गेल्या खेपेला ते का मेलं?

मला माहीत आहे. सव्वीस दिवसांपूर्वीही माहीत होतं, फक्त कबूल व्हायला सदतीस कुंड्या लागल्या.

गेल्या खेपेला तुझ्या कुंड्यांच्या शेजारच्या ओट्यावर आमच्या विभागप्रमुख साहेबांची मिरचीची रोपं होती. त्यांच्यावर मावा पडला. माळीबुवा सुट्टीवर होते. साहेब म्हणाले, "बाई, तेवढं मॅलॅथिऑन मारून घेता का?" मी म्हणाले, घेते. पंप मी पाठीवर घेतला. मिरचीवर मारलं, आणि हात आला तसा शेजारच्या कुंड्यांवरूनही फिरवला, म्हटलं, गवतावर कशाला मावा राहू दे. रानओटाला त्यानं काही होत नाही, ते किड्यांचं औषध. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कुंड्यांवर तुझं तणनाशक मारलं.

दादा, मॅलॅथिऑननं त्या साफसफाईवाल्या एन्झाइमांचे हात बांधले जातात. ती त्यातच गुंतून पडतात आणि तणनाशकाला रान मोकळं मिळतं. एन्झाइममुळे प्रतिकार आलाय का, हे ओळखायची ही आमची नेहमीची रीत आहे. आधी मॅलॅथिऑन, मग तणनाशक, आणि शिरजोर गवत मेलं तर समजायचं, दोषी एन्झाइम. दर वर्षी जुलैत मी हे फळ्यावर लिहून देते. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न टाकते. ज्याला येत नाही त्याला वर्गात उभा करते. आणि त्याच जुलैत स्वतःच्या हातानं ते केलं आणि मला कळलं नाही.

कळलं नाही, हेही अर्धंच. सभेच्या चार दिवस आधी, अहवाल टाईप होऊन आला तेव्हा, ग्रीनहाऊसच्या वहीत माव्याच्या फवारणीची तारीख माझ्या डोळ्यांखालून गेली होती. माझ्याच अक्षरात. मी वही मिटली. पुन्हा पेरायचं म्हणजे दोन महिने, सभा पुढे ढकलायची, आणि साहेबांसमोर सांगायचं की मास्तरीण चुकली. म्हटलं, चाळीसच्या चाळीस मेल्यात, एवढा एकसारखा निकाल काय उगाच येतो? निकाल जितका स्वच्छ तितका माझा विश्वास बसला. शिवाय तू भावासारखा भाऊ, तुझी बाजू घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून मी तुझ्यावर जरा जास्तच कडक झाले. तेही मला प्रामाणिकपणा वाटलं.

आपल्या दोघांत चुकीची फवारणी एकानंच केली. परवाना दुसऱ्याचा गेला.

हे पत्र तुला मिळालं की तू पुन्हा कधी माझं तोंड बघणार नाहीस. मिळालं नाही तर निदान तू रागावलेला राहशील, आणि रागावलेला माणूस कधीतरी शांत होतो, असं मला वाटतं.

मास्तरीण

(पाकिटावर, पेन्सिलनं: टाकायचं नाही.)

१८ मार्च

दादा,

मधे बरेच दिवस लिहिणं झालं नाही. कामं होती.

बातमी चांगली आहे. पुन्हा तपासणी केली. या हंगामात त्या शेतांतल्या रानओटात प्रतिकार तयार झाल्याचं दिसतंय, एन्झाइमांमुळे. या भागातली अशी पहिलीच नोंद. साहेब खूश आहेत. ते जूनमध्ये निवृत्त होतायत आणि त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव वर गेलंय. म्हणाले, "गेल्या वर्षीचा अहवाल गेल्या वर्षीपुरता बरोबर होता, हा या वर्षीपुरता बरोबर आहे. निसर्ग बदलतो, बाई." किती सोपं करून टाकलं बघ.

म्हणजे झालं गेलं, त्यात आता कोणाचीच चूक काढण्यात अर्थ नाही. नवा फवारणीवालाही हात टेकून बसलाय. संघाला मी तुझ्याबद्दल दोन शब्द घालीन, परवान्याचा पुन्हा विचार करतीलही. तू फक्त परत यायचं मनावर घे. किती दिवस फाटकावर बसून ट्रकचे नंबर टिपणार आहेस? आईचा उजवा डोळा पुढच्या महिन्यात आहे.

सगळं नीट होईल.

तुझी धाकटी

११ एप्रिल

दादा,

हे पत्र वहिनीच्या नावानं पाठवतेय. वहिनी, तू हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. तो मधेच उठला तर त्याच्या मागे मागे जाऊन वाच.

गेल्या मंगळवारी वहिनीचा प्रयोगशाळेत फोन आला. मी उचलला आणि शिव्या खायला तयार होऊन बसले. ती म्हणाली, "ताई, तुमची सगळी पत्रं मिळाली. हे वाचतात." मी म्हटलं, "मग उत्तर द्यायला हात झडले का त्याचे? एवढा कसला ताठा?" वहिनी म्हणाली, "ताठा कुठला, ताई? त्यांना लाज वाटते."

मला समजेचना. लाज कसली?

मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "सभेतून आले तेव्हा म्हणाले, मास्तरीण खोटं लिहायची नाही. तिनं तपासलंय म्हणजे गवतात काही नव्हतं. माझाच हात चुकला, आणि मला कळलाही नाही. मी म्हटलं, अहो, बावीस वर्षं चुकला नाही तो? तर म्हणाले, कोणी तपासलं नव्हतं तोवर नाही चुकला. तुमचा फोन आला की फोनकडे बघत बसतात. तोंड कसं दाखवू, म्हणतात. इथं रोज कामावर जायच्या आधी पंपात साधं पाणी भरतात आणि अंगणात दोरी लावून फवारत चालतात. पावलं मोजतात. नळी गुडघ्याला, मग कमरेला. फरशीवर ओले पट्टे उमटतात, ते कुठं सुटलेत, कुठं दोनदा पडलेत, ते सुकेपर्यंत उकिडवे बसून बघतात. सापडली का चूक, विचारलं की म्हणतात, अजून नाही. मार्चातलं तुमचं पत्र आलं, मला वाटलं आता तरी सुटतील. तर वाचून म्हणाले, बघ, प्रतिकार या वर्षी आलाय. म्हणजे गेल्या वर्षी नव्हताच. आता दिवसातून दोनदा करतात, ताई."

मी फोन ठेवला. आठ महिने मी तुला ताठ्याचा, आखडू, दगड म्हणत होते. तू माझ्यावर रागावलायस या हिशेबावर मी जगत होते. तू रागावला असतास तर मी सुटले असते.

मार्चातलं पत्र खोटं आहे. शब्द न् शब्द. साहेबांनी मांडलं तसं मी तुला लिहिलं, कारण त्यात कोणाचीच चूक नव्हती. सव्वीस फेब्रुवारीचं एक पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, ते याच पाकिटात घातलंय. वहिनी, आधी ते वाच. त्यात मावा, मिरची, मॅलॅथिऑन, वही, सगळं आहे. मग इथून पुढे वाच.

बुधवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मिरची माझी होती, हे लिहिणार आहात का?" मी म्हटलं, पंप माझा होता हे लिहिणार आहे. म्हणाले, "बाई, भावनेच्या भरात आहात, घरी जा." शुक्रवारी मी संघाच्या सभेत गेले. तीच सतरंजी, तोच माईक, हात लावला की खरखरणारा. एक पान लिहून नेलं होतं. गेल्या वर्षीची तपासणी माझ्या चुकीनं बाद आहे. तेच बी पुन्हा तपासलं, प्रतिकार गेल्या वर्षीच होता, फवारणी बरोबर होती. कुंड्यांचे फोटो फिरवले.

मागून एकजण म्हणाला, "बाई, शेवटी सख्खी बहीणच ना तुम्ही." लोक हसले. वाईट हसले नाहीत, समजुतीनं हसले, ते जास्त लागलं. तुझ्या विरुद्ध बोलले तेव्हा हीच माणसं म्हणाली होती, बघा, सख्खी बहीण असून खरं बोलली. चेअरमननी कागद घडी घालून फायलीत ठेवला आणि म्हणाले, "बघू. वरिष्ठांचा सही-शिक्का आणा, मग विचार करू." सही साहेबांची लागते. साहेब करणार नाहीत. मग ते पुढच्या विषयाकडे वळले, पाण्याच्या पाळ्यांचा विषय होता. मी फोटो गोळा करत असताना नवा फवारणीवाला दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, मग माझाही हात बरोबर होता?" मी म्हटलं, होता. तो एवढा मोठा बाप्या, रडायला लागला. मला त्याच्या जागी तू दिसत होतास.

सोमवारपासून ग्रीनहाऊसची किल्ली माझ्याकडे नाही. चौकशी होईल म्हणतात. खुर्चीचं काय झालं ते विचारू नकोस, आणि वाईटही वाटून घेऊ नकोस. मी वरच्या ऑफिसला सगळं लिहून पाठवलंय, वहीच्या त्या पानाच्या प्रतीसकट. त्यांचं उत्तर यायला वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही. तुझा परवाना मी परत आणू शकेन असं वचन देत नाही. मी लिहिलेल्या गोष्टींवर तू फार लवकर विश्वास ठेवतोस.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील आणि म्हणशील, जाऊ दे, माणूस आहे. एवढ्या स्वस्तात मला नको.

एवढंच कर. उद्या सकाळी पंप भरू नकोस. अंगणात काही शोधू नकोस, दादा, तिथं काही सापडायचं नाही. अकरा शेतांत, शेवटच्या ओळीपर्यंत, तुझं पाऊल बरोबर पडलं होतं. नळी बरोबर उंचीवर होती. माप बरोबर होतं. संघानं मानलं नाही तरी तू मान. मी तपासलंय. या वेळी नीट तपासलंय.

तुझा हात चुकला नव्हता.

मास्तरीण